नासिरची सुट्टी

या गोष्टीचा निम्मा भाग मी पुष्कळांना सांगितला आहे — निरोपाच्या समारंभात माइकवर, विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, इथे सांगलीत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना. छान आहे तो निम्मा भाग. त्यात मी फार सज्जन दिसतो. उरलेला निम्मा मी बायकोलाही सांगितलेला नाही. तो तुम्हाला सांगतो — तुम्हालाच का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

मी अमिरातीतल्या अल ऐन शहरात एका कॉलेजात बास्केटबॉलचा कोच होतो. नव्वद साल उजाडायच्या सुमारास गेलो आणि शतक बदलल्यावर परतलो. तुम्ही कधी पाहिलंय का, कॉलेजचे जुने कोच वेळेवर निवृत्त होत नाहीत? गुडघे गेलेले असतात, शिट्टी फुंकताना धाप लागते, तरी 'अजून एक सीझन' चालूच. लोक म्हणतात, खेळावरचं प्रेम. असतंही थोडंफार. पण खरी मेख वेगळी आहे — आपण कधी जातो, त्यावर आपल्या जागी कोण येतो ते ठरतं. मे महिन्यात राजीनामा दिला तर कॉलेज जाहिरात देतं, अर्ज येतात, मुलाखती होतात. ऑगस्टच्या शेवटी दिला तर? बाहेरच्या माणसाचा व्हिसा निघायला दोन-अडीच महिने, आणि ऑक्टोबरात पहिली स्पर्धा. मग जो व्हिसासकट समोर उभा असेल, तोच कोच. हे आमच्यातल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

माझ्या हाताखाली दोघे होते. जोसेफ केरळचा, मी सांगेन ते वहीत उतरवून घेणारा. त्याची बायको तिथेच नर्स होती, घरदार सोबत. नासिर आपल्या म्हसळ्याचा. त्याला खेळाची जाण — खरं सांगू? — माझ्यापेक्षा जास्त होती. त्याची बायको रेहाना आणि चार वर्षांची सना गावाला होत्या. असिस्टंटच्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नसे. कोच झाला की तोही मिळे आणि राहायला क्वार्टरही. दर शुक्रवारी तो फोनकार्ड घेऊन सनाशी बोलायचा, आणि ती दर वेळी एकच विचारायची — तुझ्या तिकडच्या घरात मला जागा आहे का?

एकदा रक्तदाबाने मला चार दिवस हॉस्पिटलात घातलं. तेवढ्यात दोन सामने झाले, दोन्ही नासिरने जिंकून आणले. दुसऱ्या दिवशी तो संत्री घेऊन आला, खुर्ची ओढून बसला आणि सरळ म्हणाला, "सर, तुमचा झोन सोडून दिला मी. पोरांना एकेक माणूस वाटून दिला. जमलं त्यांना." झोन म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा आपापला भाग राखायचा, माणसामागे धावायचं नाही. ती माझी पद्धत. इतकी वर्षं मी तीच शिकवली होती. मी शाब्बास म्हणालो आणि संत्रं सोलायला घेतलं.

मला अजून कुतूहल आहे ते त्या संत्र्याच्या पाच मिनिटांचं. राग आला होता का? नाही. हेवा? थोडा. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं — हा कोच झाला की दोन महिन्यांत इथे मी होतो याची खूणही राहणार नाही, असं काहीसं. म्हणजे भीतीच. जोसेफ मात्र रोज फोन करून मला विचारील, हेही मला त्याच पलंगावर सुचलं.

साठी उलटली. पुढे दरवर्षी कॉलेजला माझ्यासाठी खास परवानगी काढावी लागे; ती मी दोनदा काढायला लावली. योग्य माणूस तयार झाला की जातो, असं सगळ्यांना सांगत होतो. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी कुठली नाठी — ती फार नीट चालत होती.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये नासिर सुट्टीचा अर्ज घेऊन आला. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. अर्ज टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेना. म्हणाला, "सर, एक विचारू? यंदा तुम्ही सोडणार तर नाय ना? तसं असंल तर मी जात नाय. लग्न भाऊ बघेल."

माझा राजीनामा टाइप होऊन खालच्या खणात पडला होता. तारीख तेवढी घालायची होती.

मी हसलो. "अरे, मला इथून उचलायला क्रेन लागेल. जा बिनधास्त. आणखी तीन आठवडे वाढवून घे, लेकीबरोबर राहा." ते तीन आठवडे मी माझ्याच पेनाने अर्जावर वाढवले. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. नुसतं 'अजून ठरलं नाही रे' म्हटलं असतं तर काय झालं असतं? तो थांबला असता, एवढंच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी तारीख घातली. आमचे डीन इजिप्तचे, भला माणूस. त्यांनी पहिलं नाव नासिरचंच घेतलं — हे तर मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तो कधी परततोय, विचारलं. परतीची तारीख त्याच खणात, अर्जावर होती. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "येईल, इन्शाल्ला." जे तिकडे राहिलेत त्यांना कळेल, त्या सुरातल्या इन्शाल्लावर कुणी विसंबत नाही. मग जोसेफ इथेच आहे म्हणालो. डीन म्हणाले, "खलास." तिकडे त्याचा अर्थ, ठरलं, विषय संपला. संध्याकाळपर्यंत जोसेफचं पत्र निघालं.

आणि गंमत बघा, माझं कौतुक झालं. आपल्या भाषेचा माणूस हाताशी असताना सरांनी त्याला पुढे केलं नाही — केवढा निःपक्षपातीपणा. मराठी मंडळींनी शाल दिली. मी मान खाली घालून घेतली, त्यांना तो विनय वाटला. हाच तो छान निम्मा भाग.

माझ्या नोटिशीचा महिना संपत आला तेव्हा नासिर परतला, तो थेट माझ्याकडे. रेहानाने बांधून दिलेले सुके बोंबील आणि कोकमं घेऊन. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, आता विचारील. पण तो चिडला होता कॉलेजवर. सर जाणार नाही म्हणाले होते, म्हणजे यांनीच त्यांना काढलं, असं त्याचं त्यानेच जुळवलं होतं. मी खोटं बोललो असेन हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. माझ्यासाठी डीनशी भांडायला निघाला होता. मी अडवलं. म्हणालो, जाऊ दे, मला शांतपणे जायचंय. माझी खोकी त्यानेच बांधली, दुबई विमानतळापर्यंत गाडीही त्यानेच चालवली.

जोसेफने पहिला सीझन रोज फोन केला. दुसऱ्या सीझनला आठवड्यातून एकदा. मग झोन सोडून दिला — तेही मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. नासिर आणखी सहा वर्षं असिस्टंट राहिला आणि गावी परतला. सना तेव्हा अकरा वर्षांची होती. तो बाहेरून आला की ती उठून आतल्या खोलीत जायची, हे त्याने मला हसत हसत सांगितलं होतं.

दर ईदला त्याचा फोन येतो. यंदाही आला. शाळेतल्या पोरांना खेळ शिकवतो म्हणाला. गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, तुमच्यावर त्या टायमाला अन्याय झाला. मी सुट्टीवर जायाला नको होतं. मी तिथं असतो तर असं होऊ दिलं नसतं."

मी म्हणालो, "हां रे."