नाडी बघणारा पोरगा

मी रोह्याला फौजदार असतानाची, एसटी स्टँडवरची ती तक्रार आठवली की आजही मला हसू येतं.

खबर आमच्या नेहमीच्या खबऱ्याने आणली. "साहेब, अष्टमी गावचा तो खिसेकापू पोरगा म्हाताऱ्यांची मनगटं धरून बसतोय. बांगड्यांवर डोळा हाय त्याचा."

पोरगा सोळा वर्षांचा, रेकॉर्डवरचा. आणखी एक तक्रार आली की बालसुधारगृहात रवानगी, असं त्याला बजावलेलं होतं. हवालदार त्याला घेऊन आला. झडतीत खिशात बायकी घड्याळ निघालं.

"काय करत होतास रे?" मी विचारलं.

"नाडी बघत होतो."

"कुणाच्या पायजम्याची?" हवालदार म्हणाला आणि अख्खं ठाणं हसलं.

पोरगा हसला नाही. मी हात पुढे केला. त्याने माझ्या अंगठ्याखाली तीन बोटं अलगद टेकवली आणि सेकंदकाट्याकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजायला लागला. हे असं हळुवार धरणं त्याला कुणीतरी मायेने शिकवलेलं होतं. पण घड्याळ कुणाचं, ते काही केल्या सांगेना. "पाठवा सुधारगृहात," एवढंच म्हणायचा. इतका हट्टी आरोपी, पण मला तो आवडायलाच लागला.

त्या काळी एका मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी शिक्षणाचा भाग म्हणून अशा मुलांना भेटायला येत, एकेकाकडे एकेक मूल. याच्यासाठी पेणच्या एका मास्तरांची मुलगी येई. मी कॉलेजात फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती एसटीने हजर.

"घड्याळ माझं आहे, साहेब. मीच दिलं. त्याशिवाय नाडी कशी मोजणार तो?" मग ती त्याच्यावर उखडली. "सांगितलं का नाहीस?"

"तुला चौकीत बोलावलं असतं. चौकीत आलेल्या पोरीला लोक नावं ठेवतात."

"अरे, पण मी घरच्यांची नाडी मोज म्हटलं होतं! स्टँडवर कशाला गेलास?"

"घरात कोन हाय माझ्या, ताई?"

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला. मग ती बाकावर त्याच्याशेजारी बसली आणि तिने आपलं मनगट पुढे केलं. "मोज."

तक्रारीत तथ्य नाही, अशी मी नोंद केली आणि घड्याळ त्यालाच परत दिलं.

त्याचा पत्ता आमच्या रेकॉर्डवर कधीपासून होता, पण त्या घरात कोण आहे, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर कुठलंही पोर ठाण्यात आलं की पत्ता लिहून झाल्यावर मी विचारायचो, "घरी वाट कोण बघतं?" उत्तर आलं नाही, तर आधी चहा मागवायचो.