दाजींची बॅटरी

उन्हाशी भांडण काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. बाकीचे लोक उन्हाला कंटाळतात, टोपी घालतात, सावली बघून बसतात. आमचे दाजी भर मांडवात कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत आणि म्हणत, "ह्याला काय ऊन म्हणायचं व्हय? ही तर नुसती आग वतल्याली." उजेड ही त्यांच्या लेखी भातासारखी शिजायची गोष्ट होती. नवरानवरी नटून उभी, पाहुणे रांगेत उभे, आणि दाजी सांगताहेत, "थांबा जरा, अजून कच्चा हाय." मग संध्याकाळी उजेड त्यांच्या मनासारखा शिजला, की ते कुणाचं काही ऐकत नसत. पंगतीत बसलेल्या जोडप्याला ताटावरून उठवून शेताच्या बांधावर घेऊन जात. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आपल्या लग्नाचं जेवण गार खाल्लेली पुष्कळ जोडपी आहेत. ती भेटली की तक्रार करतात, आणि तक्रार करता करता मोबाईलमधला तो बांधावरचा फोटो काढून दाखवतात.

दाजींना दुकान नव्हतं. भोरच्या बाजारपेठेत गाळा घ्या असं त्यांना अनेकांनी सुचवलं, पण त्यांचं म्हणणं असं, की दुकानात गिऱ्हाईक येतं, माणूस येत नाही. माणूस बघायचा तर त्याच्या दारात जावं लागतं. म्हणून सगळा धंदा मोटारसायकलवर आणि एका खाकी जाकिटात. त्या जाकिटाला इतके खिसे होते, की कुठल्या खिशात काय आहे हे दाजींनाही ठाऊक नसे. लेन्स शोधताना शेंगदाणे निघत, शेंगदाणे शोधताना कुणाच्या तरी बारशातली साखर निघे. "ह्यांचं जाकीट धुवायला टाकायचं म्हणजे आधी पंचनामा करावा लागतो," असं आक्का म्हणायची. लग्नं, वाढदिवस, शाळांची संमेलनं, दशक्रिया, गणपती मंडळं, जत्रा, सगळीकडे ते जात. मंगलाष्टकं कधी संपणार आणि बौद्ध लग्नातलं त्रिशरण कधी सुरू होणार हे त्यांना सारखंच पाठ होतं, आणि दोन्हीकडे ते सारखेच मध्ये मध्ये करत.

"हसा" असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. हसा म्हटलं की माणूस घाबरतो, असं त्यांचं मत. ते म्हणत, "म्हणा, भाकरी!" अख्खं कुटुंब एका सुरात "भाकरीऽ" म्हणे, शेवटच्या अक्षराला तोंडं फाकत, दात दिसत, आणि काम होई. दात नसलेल्या आजीबाईला मात्र वेगळी सवलत होती. "आजे, तुमी आपलं दूध म्हणा." यावर आजी जी हसायची, तोच फोटो पुढे तिच्या नातवंडांनी फ्रेम करून लावलेला मी घराघरांत पाहिला आहे.

त्यांचा खरा रोग म्हणजे माणसांची तोंडं. वरव्याकडच्या एका बैलगाडा मालकाने त्यांना शर्यतीचे फोटो काढायला बोलावलं. बैल पहिला आला. गुलाल उधळला, फ्लेक्स लावायचं ठरलं, आणि दाजींनी फोटो दाखवले. एकूण एक फोटोत मालक. मालक ओरडतोय, मालकाने डोळे मिटलेत, मालकाची टोपी उडालीय, मालक रडतोय.

"अवं फोटूवालं, बैल कुठाय ह्यात?" मालकाने विचारलं.

"बैल पळत व्हता की."

"मंग त्याचा फोटू?"

"बैल दर सालाला पळतोय. तुमी असं कवा रडला व्हता?"

मालक त्या दिवशी फार चिडला. फ्लेक्सवर शेवटी दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशीचा, गोठ्यात उभा असलेला बैल लागला. तो रडतानाचा फोटो मात्र मालकाने मागून घेतला, बायकोला दाखवणार नाही या अटीवर.

मग प्रीवेडिंगचं वारं आलं. लग्नाआधी मुलामुलीने धरणाच्या पाण्याकडेला नाहीतर तोरण्याच्या पायथ्याशी जायचं, भाड्याचे लांब झगे घालायचे, एकमेकांकडे बघत चालायचं आणि त्याचे फोटो लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवायचे. दाजी त्याला "पिरीवेडिंग" म्हणत. सुरुवातीला ते त्याची टिंगल करायचे. पण पहिल्याच दोन-तीन कामांत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ठरलेलं लग्न, याद्या झालेल्या, हॉल घेतलेला, आणि ही दोन पोरं एकमेकांशी धड बोललेलीच नसत. मोबाईलवर बोलायची, पण तेही घरातल्या कुणाच्या तरी कानाशी. शूटिंगलाही मुलीचा भाऊ, मुलाची बहीण, एखादा मामा असे सोबतीला असतच.

तेव्हापासून दाजींची बॅटरी जायला लागली.

काम अगदी रंगात आलेलं असे, आणि दाजी कपाळावर हात मारून म्हणत, "गेली! बॅटरी गेली!" मग भावाला चहा आणायला पिटाळायचं, बहिणीला गाडीतून दुसरा झगा काढायला धाडायचं, मामाला बरोबर घेऊन मोटारसायकलीपाशी जायचं आणि तिथे पाठ करून बसायचं. जाकिटात भरलेल्या बॅटऱ्यांची रांग असे. मामाला शेंगदाणे देऊन त्याच्या गावच्या पाण्याची चौकशी चाले. पलीकडे ती दोघं, नट्टापट्टा करून, पहिल्यांदाच एकटी. मी एकदा त्यांना विचारलं होतं, परत कधी जायचं हे कळतं कसं? "हसली तर जायाचं, भांडली तरी जायाचं," दाजी म्हणाले. "गप बसली, तर अजून एक बॅटरी जाती."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोकांना गप्प बसा असं सांगण्यात माझी नोकरी संपली. त्यामुळे या माणसाच्या धंद्याचं मला फार नवल वाटे.

बहुतेक जोडप्यांना पुढे त्या शूटिंगमधलं तेवढंच आठवत असे. भोंगवलीची एक मुलगी, आता दोन लेकरांची आई, आक्काला म्हणाली होती, "तवाच कळलं, ह्यांना अंधाराची भीती वाटती. मंग मला माझी वाटंना झाली." पण वेल्ह्याकडच्या एका गावातल्या मुलीने त्या मोकळ्या वेळात मुलाला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं कोण जाणे, घरी येऊन तिने लग्नाला नकार दिला. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिचा मामा आक्काच्या दारात उभा राहिला. मी तेव्हा तिथेच होतो.

"कुठं हाईत कॅमेरावालं? बाहीर या! लगीन मोडलं तुमी आमचं!"

"म्या?" दाजी दाढीला साबण लावून बसले होते, तसेच आले. "म्या तर बॅटरी बदलत व्हतो."

"इतका येळ? बॅटरी बदलत व्हता का पेरत व्हता?"

मला हसू आलं. आक्काने डोळे वटारले. दाजींनी मामाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पोरगी लग्नाआधी बोलली. लग्नानंतर बोलली असती, तर तुमी कुणाच्या दारात गेला असता?"

मामा पाणी प्यायला, पण त्याने बातमी काही पिऊन टाकली नाही. ती दोन्ही तालुक्यांत फिरली. त्यांना बोलावू नका, त्यांच्या फोटोत पोरगी बोलायला लागते. लग्नसराई आली आणि दाजींचा मोबाईल वाजेना. पुण्याहून ड्रोन घेऊन पोरं येऊ लागली. त्यांची बॅटरी खरीच जायची, पण ती पोरं पटकन बदलायची. दाजी रोज सकाळी कॅमेरा पुसायचे आणि परत ठेवायचे. दुसरा कुठला धंदा त्यांना येत नव्हता, शिकायचं वय राहिलं नव्हतं. आक्का एक दिवस म्हणाली, "अहो, नुसतं फोटू काढा की. जगाची लग्नं जुळवायला तुमाला सांगितलंय कुणी?"  दाजींनी लेन्सवर फुंकर मारली, एवढंच.

आणि मग भोरातल्या एका मोठ्या घरचं काम आलं. प्रीवेडिंग, साखरपुडा, हळद, लग्न, सगळं. मुलाचे वडील स्वतः घरी आले. जुनी ओळख होती, दाजींच्या हाताची त्यांना कदर होती. पण अट होती. "मधी थांबायचं न्हाई. बॅटऱ्या सगळ्या माझ्यासमोर राहतील. शब्द द्या." दाजींनी आक्काकडे पाहिलं. आक्का खाली बघत होती. दाजींनी शब्द दिला.

त्यांचा गुडघा तेव्हा दुखत होता, म्हणून उजेड परतवायची चंदेरी चकती धरायला मी गेलो. भाटघर धरणाच्या पाण्याकडेला मुलाचे वडील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि समोर रुमालावर बॅटऱ्या मांडलेल्या, पेढे मांडावेत तशा. वारा सुटला होता. माझ्या हातातली चकती एकदा वाऱ्याने उडाली आणि तिच्यामागे धावताना मी चिखलात बसलो. सगळे हसले, मुलगीही हसली. पिवळा झगा, पाठीमागे पाणी, आणि उजेड असा शिजलेला, की दाजींनी एकदाही वर बघून कुरकुर केली नाही. मुलगा दाजी सांगतील तिकडे मान वळवत होता. मुलगी भाकरी म्हण म्हटलं की भाकरी म्हणत होती. मध्येच दाजी तिच्या झग्याचा घोळ नीट करायला पुढे वाकले, तेव्हा ती हळूच काहीतरी बोलली. मी लांब होतो. दाजी तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी मान हलवली, मागे आले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. काम कुठेही न थांबता पार पडलं. त्यांनी आयुष्यात काढलेले सगळ्यांत सुंदर फोटो ते आहेत, हे मी आजही म्हणेन.

परत येताना आम्ही रस्त्याकडेच्या एका टपरीवर चहाला थांबलो. दाजी गाडीवरून उतरलेच नाहीत.

"ती पोरगी काय म्हणाली हो?" मी विचारलं.

"म्हणली, काका, तुमची बॅटरी जाती म्हणं ना."

"मग?"

"म्या म्हणलं, आज फुल हाय."

 चहावाल्याने दोन कप आणून सीटवर ठेवले.

"साधंच काहीतरी असंल," दाजी कपाकडे बघत म्हणाले. "पोरीला काय, गोड खातोस का तिखट, एवढंबी इचारायचं असतंय. न्हाई का?"

"हो, साधंच असेल," मी म्हणालो.

लग्न थाटात झालं. पडद्यावर फोटो बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा बोलावणी येऊ लागली. पण दाजींनी प्रीवेडिंगचं काम त्यानंतर एकही घेतलं नाही. गुडघ्याचं कारण सांगायचे. शर्यतींना जात, आणि आता ते बैलाचेच फोटो काढत. चार पाय हवेत, शेपूट ताठ, धुरळा उडालेला. मालक इतके खूश झाले, की दुसऱ्या कुणाचं नाव घेईनात. दाजी मात्र ते फोटो घरी कुणाला दाखवत नसत. उजेडाशी त्यांचं भांडणही मिटलं. जो असेल तो चालवून घेत. एका लग्नात तर ते सगळ्यांच्या आधी पंगतीला बसलेले मी पाहिले आणि मला कसंसंच झालं.

पुढे एकदा भोरच्या एसटी स्टँडवर त्यांना ती मुलगी दिसली. नवरा होता बरोबर, हातात पिशव्या होत्या. तिने त्यांना पाहिलं नाही. घरी येऊन जाकीट न काढता ते आक्कासमोर बसले आणि म्हणाले, "ती दिसली आज. हसत व्हती."

"मग झालं की," आक्का म्हणाली. "सुखात हाय."

"फोटूतबी हसतच व्हती," दाजी म्हणाले.

आक्काने हे मला दाजी गेल्यावर सांगितलं. मागच्या थंडीत ते गेले. दुखणं लहान होतं आणि त्यांनी ते अंगावर काढलं. दहाव्याला माणसं इतकी आली, की नदीकाठी उभं राहायला जागा नव्हती. बरीचशी जोडपी होती. मी त्यांच्यातून फिरत होतो आणि माझ्या मनात येत होतं, यांना विचारावं, तेव्हा तुम्ही काय बोललात? पण माझा स्वभाव तसा नाही.

आक्का तेव्हापासून फार बोलत नाही. गेल्या महिन्यात माझ्या पुतणीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. चहा झाला, शिक्षण-नोकरी विचारून झाली. मुलगा जमिनीकडे बघत होता, मुलगी चहाच्या ट्रेकडे, आणि आम्ही सगळी मोठी माणसं त्या दोघांकडे. एकाएकी आक्का उठली.

"चला, तुमाला आमचा शेवगा दावते."

"आमच्याबी दारात हाय की शेवगा," मुलाची आई म्हणाली.

"असंल. ह्यो येगळा हाय. चला, समदी चला."

तिने आम्हाला एकेकाला उठवून परसात काढलं आणि दार ओढून घेतलं. मुलगा उठायला लागला, तर त्याला म्हणाली, "तुमी बसा, तुमाला ऊन बाधंल." आमचा शेवगा चारचौघांच्या शेवग्यासारखाच आहे. त्या दिवसांत त्याला शेंग नव्हती, फूलही नव्हतं. आक्का मात्र बोट वर करून सांगत राहिली, ही फांदी कधी फुटली, ती वाऱ्याने कशी मोडली, ह्या पानांची भाजी कशी करायची. पाहुणे माना वर करून उभे होते. मीही उभा होतो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

"बरं, चला आता," मुलाचे वडील म्हणाले.

"थांबा हो," आक्का म्हणाली, "पलीकडची बाजू कुठं बघितली अजून तुमी."

आणि आम्ही सगळे झाडाला वळसा घालून पलीकडे गेलो.