बुडालेल्या अंगणावरचं शीड

आमचं शीड पिवळ्या ताडपत्रीचं होतं. जिच्याखाली लोक कापूस झाकतात, तीच. नवऱ्याचं बाभुळगावात मोटार वाइंडिंगचं दुकान, माझं घरी शिवणकाम. याला हे वेड कुठून लागलं देव जाणे! धरणात मासे धरणाऱ्या भोयांकडून त्यांची जुनी नाव, डोंगा, आणला, त्यात बांबू उभा केला आणि मला म्हणाला, "हे शिवून दे." ब्लाउज शिवणारी बाई मी, ताडपत्रीत सुया पटापट मोडल्या. दिवसभर त्याला शिव्या घातल्या आणि शीड शिवून दिलं.

मग दर रविवारी आम्ही दोघं धरणाच्या पाण्यावर. लोक तोंडावर म्हणायचे, "घराघरात कापूस पडून राह्यला, कोनी विचारत नाई, अन् हे नवरा-बायको हवा खाऊन राह्यले!" मीही फटकन म्हणायची, "मंग तुम्ही बी या, हवा काई माह्या बापाची नाई." पण ती वर्षंच वाईट होती. रोज कुठून ना कुठून कोणा शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी यायची. पाण्यावर तेवढा वेळ कोणी काही सांगायला यायचं नाही, म्हणून मला तिथं बरं वाटायचं.

याच पाण्याखाली माझं माहेर होतं. मी सासरी आल्यावर गाव उठलं, पाणी भरलं. वर राहिला फक्त एका वाळलेल्या कडुनिंबाचा शेंडा. आमच्या अंगणात कडुनिंब होता, त्यामुळे मला शंकाच नव्हती. निंबाजवळ आलो की नवरा शीड उतरवायचा आणि आम्ही चपला काढून ठेवायचो. कोणाच्या घरावरून असं उडत जाणं बरं दिसत नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. डोंगा अडकवायला दोरीला बांधलेला दगड खाली सोडला की तो कशावर तरी टेकायचा. मी मनात धरून चालले होते, आमच्याच अंगणावर.

माय नव्या गावठाणात राहायची. समोरच काकी, म्हणजे मायची जाऊ. जुन्या गावात दोघींच्या घरांमध्ये फक्त एक बोळ होता, आणि मोरीचं पाणी कोणाच्या दारात जातं यावरून जे भांडण पेटलं ते गाव बुडालं तरी विझलं नाही. "मेली तरी तिच्या आंगणात पाय ठेवनार नाई," माय म्हणायची.

माय गेली त्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "मले नदीत नको नेऊ वं. माह्या आंगणात टाकजो. इथं परक्यावानी राह्यली, आता घरी जातो." मी एकुलती एक. नातेवाईक खवळले, मी कोणाचं ऐकलं नाही. निंबाजवळ शीड उतरवलं, चपला काढल्या आणि राख हळूच सोडली. माय घरी पोचली, म्हणून मी पोटभर रडले.

त्यानंतर तिथं वारा पडायचा. शीड लुळं व्हायचं, आणि पाण्यातून मायच्या खाकरण्याचा आवाज यायचा. खरंच यायचा. नवराही मान वर करून ऐकायचा. मला भीती वाटायची, पण बरंही वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की घरांची जोती उघडी पडली. आम्ही चिखल तुडवत गेलो. आमची दगडी पायरी मी लगेच ओळखली. तिच्यापुढे निंबाचा नुसता बुंधा होता, करवतीनं सपाट कापलेला. आणि ज्याचा शेंडा आम्ही बघायचो ते उभं झाड बोळाच्या पलीकडे, काकीच्या अंगणात. काकीचा निंब माझ्या लहानपणी आमच्याहून ठेंगणा होता, म्हणून कधी मनातही आला नव्हता.

"अवं," नवरा हळू आवाजात म्हणाला, "मायच्या नव्या घराची चौकट निंबाची आहे ना?"

होती. गाव सोडताना मायनं आपला निंब कापून नेला होता, आणि त्याच चौकटीला टेकून मी इतकी वर्षं तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. जिच्या अंगणात मेली तरी पाय ठेवणार नाही असं माय म्हणाली, तिच्याच अंगणात तिला टाकून आले होते!

पाऊस झाला, पाणी पुन्हा चढलं. नवरा समजवायचा, "राख का एका जागी राहते?" मी खेकसायची, "तुले खाकरनं ऐकू येत नाई का?" आता ते खाकरणं रागाचं वाटायचं. शेवटी राहवलं नाही, काकीला जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारी हसेल किंवा शिव्या देईल.

काकी पदर सावरत म्हणाली, "मले ने तिथं."

जन्मात कधी पाण्यात पाय न घातलेली बाई डोंग्याची कड घट्ट धरून बसली. निंबाजवळ शीड उतरलं. आम्ही चपला काढल्या. काकी म्हणाली, "तुम्ही कायले काढता? माहं घर हाय." मग वाकून पाण्यात हात घातला आणि दारात उभ्या पाहुणीशी बोलावं तशी म्हणाली, "उभी नको राहू वं, बस. मी येतोच."