भिशीतली एकविसावी चिठ्ठी

१९९६ सालच्या दिवाळीनंतर वडीगोद्रीच्या फाट्यावर, घनसावंगीकडून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना एका कुत्रीच्या कमरेला धडकली. रक्त आले नाही. ती पुढच्या दोन पायांवर उठली. मागचे दोन उठले नाहीत.

कुत्री फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलची होती. हॉटेल म्हणजे पत्र्याचे शेड, दोन बाकडी आणि रॉकेलचा स्टोव्ह. ते चालवणाऱ्या बाई एकट्या होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. रस्त्याखालच्या नळीत अडकलेले पिल्लू त्यांनी काठीने ओढून काढले होते, तीच ही कुत्री. पहाटे गावातून फाट्यापर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्याने दोघी बरोबर येत. मावशी पुढे, कुत्री मागे. शेतातली कुत्री अंगावर आली की ही पुढे आणि मावशी मागे.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. उजाडण्याआधी जीपने येणारे पेपरचे गठ्ठे उतरवून घेण्याचे कामही माझ्याकडे होते. अपघातानंतर जीप यायची तेव्हा हॉटेल बंद असायचे. मावशी ऊन पडल्यावर येऊ लागल्या. जीपवाला दोन दिवस चहाविना पुढे गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याने चौकशी केली.

जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पाठीच्या कण्यात नस दबली होती. चिमटा काढला की कुत्री मान वळवून पायाकडे बघत होती, म्हणजे नस अजून जिवंत होती. ऑपरेशन पुण्याला होणार होते आणि आठवड्याच्या आत व्हायला हवे होते. त्यांनी खर्च सांगितला.

"डॉक्टरसाहेब, म्हशीचा सांगून राह्यले का कुत्रीचा?" मावशींनी विचारले.

"कुत्रीचाच."

दुसरा उपाय एका इंजेक्शनचा होता. त्यानंतर कसलाच खर्च नव्हता. मावशींनी कुत्री पोत्यात घेतली आणि पुढच्या बसने परत आणली.

फाट्यावरच्या दुकानदारांची भिशी होती. वीस जण. दर महिन्याला सारखा हप्ता जमा व्हायचा आणि ठरलेल्या बाजारच्या दिवशी स्टीलच्या पेल्यातून एक चिठ्ठी निघायची. ज्याची निघेल तो सगळी रक्कम उचलायचा आणि त्या दिवशी सगळ्यांना मावशींच्या हॉटेलातली भजी खाऊ घालायचा. चिठ्ठीशिवाय रक्कम मिळण्याची एकच वाट होती. घरात दवाखाना निघाला तर त्याला आधी. भिशी शेठजींच्या ताब्यात असे. त्यांचे किराणा दुकान फाट्यावर सर्वांत जुने. आजोबा राजस्थानातून आलेले.

बाजाराच्या दिवशी मावशींनी दवाखान्यासाठी रक्कम मागितली. अडचण अशी होती, की त्यांनी आपली भिशी उन्हाळ्यातच उचलून शेडवर नवे पत्रे टाकले होते. एकदा उचलली की पुन्हा नाही.

"बाई, तुमची झाली," शेठजी म्हणाले.

"मालूम हाय. पण दवाखाना हाय ना."

"दवाखाना घरच्या माणसाचा लागतो."

"मंग ती कुणाच्या घरची हाय?"

औषधाच्या दुकानाचा मालक म्हणाला, "मावशी, उद्या माझी शेळी खोकलली तर मी बी मागू का?"

"तुमची शेळी पहाटं सोबतीला येती का माझ्या?"

शेजारचे पंक्चरवाले मिस्तरी मधे पडले. "माझी निघाली न्हाई अजून," ते म्हणाले. "माझी द्या."

मिस्तरींच्या मुलीचे लग्न ठरले होते. ते सगळ्यांना ठाऊक होते.

"तुमच्या पोरीच्या लग्नातलं घेऊन कुत्री चालवू का मी? बिलकुल न्हाई," मावशी म्हणाल्या.

"मंग कुत्रीलाच मेंबर करा," मिस्तरी म्हणाले.

सगळे हसले. शेठजी हसले नाहीत. नवा मेंबर मधेच घेता येत होता. मागचे सगळे हप्ते एकदम भरायचे आणि एक जामीन द्यायचा.

"जामीन कोण?"

"मी," मिस्तरी म्हणाले.

"मेंबर मेला तर पुढचे हप्ते घरच्यांनी भरायचे असतात. हिच्या घरचं कोण?"

"मी," मावशी म्हणाल्या. "इतका वेळ दुसरं काय सांगून राह्यले?"

शेठजींनी पेला बाजूला ठेवला. "मागचे हप्ते मी टाकतो. ती जीवदया झाली. पण पुढचा एक जरी हप्ता चुकला तर मिस्तरी, तुमच्या दारात येऊन बसेन. दान वेगळं, भिशी वेगळी."

पुढच्या हप्त्यांचा मार्ग औषधवाल्याने काढला. ज्याची भिशी निघेल त्याने भजी द्यायची नाही. तो पैसा कुत्रीच्या हप्त्यात घालायचा, कमी पडेल ते मावशींनी.

"म्हंजे धंदा माझाच बसला!"

"दवाखाना कुणाचा हाय, मावशी?"

त्या दिवशीची रक्कम कुत्रीला मिळाली. तिला नाव नव्हते. शेठजींनी एकविसावी चिठ्ठी तयार केली आणि तिच्यावर 'हॉटेलची कुत्री' असे लिहिले.

त्याच संध्याकाळी मावशी, मिस्तरी आणि कुत्री मोसंबीच्या टेम्पोतून पुण्याला निघाले. टेम्पोवाल्याने भाडे घेतले नाही. मी गेलो नव्हतो. पुढचे मिस्तरींनी सांगितले ते असे. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले. तपासताना तिथल्या डॉक्टरांनी, कुत्रीला कसले तेल लावता, असे विचारले. मावशी म्हणाल्या, "तेल न्हाई, साहेब. रातभर मोसंबीत झोपल्ती." डॉक्टरांनी चालण्याची हमी दिली नाही. रोज उभी करा आणि रोज चालवा, एवढे सांगितले.

मिस्तरींनी ट्रकची जुनी ट्यूब कापून रुंद पट्टा केला. तो कुत्रीच्या पोटाखालून घ्यायचा, दोन्ही टोके वर धरायची आणि मागचा भाग उचलून तिला चालवायचे. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मावशी हॉटेलपासून शेठजींच्या दुकानापर्यंत तिला असे नेत आणि परत आणत. जालन्याच्या बसचा कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "मावशी, पेरणी झाली का?"

"तू ये की जुपायला!"

घरून फाट्यावर कुत्री मिस्तरींच्या सायकलवरून येई. कॅरियरला मोसंबीचे खोके बांधलेले असे, ती त्यात बसलेली असे. मिस्तरी उजाडल्यावर निघत, म्हणून हॉटेलही उजाडल्यावरच उघडे.

भिशीच्या दिवशी आता नुसता चहा मिळायचा. ज्याची चिठ्ठी निघे तो कुत्रीसमोर उभा राहून तिला ऐकवायचा. "काय गं, आमची भजी पचली का?" संक्रांतीच्या सुमारास, औषधवाला हे म्हणत असताना तिची शेपटी हलली. त्याने सगळ्यांना बोलावून पुन्हा तेच वाक्य म्हटले. शेपटी पुन्हा हलली. त्यानंतर औषधाची बिले त्याने मावशींना दिल्याचे मी पाहिले नाही.

मिस्तरींची चिठ्ठी लग्नाच्या आधीच्या महिन्यात निघाली. उन्हाळ्यात कुत्रीचा डावा पाय जमिनीला टेकून वजन घेऊ लागला. उजवा फरफटतच राहिला. पोळ्याच्या सुमारास ती पट्ट्याशिवाय शेठजींच्या ओट्यापर्यंत गेली आणि तिथे बसली. परत येण्यासाठी पट्टा लागला.

१९९७ सालच्या शेवटी भिशी संपली. कुत्रीचा एकही हप्ता चुकला नव्हता. शेवटच्या दिवशी शेठजींनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना भजी सांगितली. ते कांदा खात नसत. त्यांच्यासाठी मावशींनी मिरचीची वेगळी तळली. कुत्रीला शेठजींनी त्यांतलीच दोन घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाट्यावर पोहोचलो तेव्हा अंधार होता. मिस्तरींचे दुकान बंद होते आणि त्यांची सायकल तिथे नव्हती. हॉटेलात स्टोव्ह पेटलेला होता. जीप येऊन गठ्ठे उतरले. जीपवाल्याने चहा घेतला. कुत्री येऊन गठ्ठ्याशेजारी बसली. तिच्या उजव्या मागच्या पायाला गावापासूनची माती लागलेली होती.