पाहुण्यांचं पाणी

मार्करचं टोपण उघडलं की त्या वासासरशी मला सोनाळ्याच्या अलीकडचं एक छोटं गाव आठवतं. मी तेव्हा एका संस्थेत नवा होतो आणि त्या गावाचा तीन वर्षांचा आराखडा करायचं काम माझ्याकडे होतं. समाजमंदिरात आम्ही चार बैठका घेतल्या, भिंतीवर तक्ते लावले, बायकांना शिलाई मशीन हवी का विचारलं, त्यांनी हो म्हटलं. दर वेळी गार पाणी आणि मागोमाग चहा यायचा. आराखडा पक्का झाल्यावर राहिलेल्या सह्या घ्यायला मी एका दुपारी न कळवताच तिथे गेलो. उन्हानं घसा कोरडा पडला होता. बचतगटाच्या अध्यक्षबाईंच्या ओसरीवर टेकलो आणि पाणी मागितलं. त्यांनी जरा घुटमळत गडू पुढे केला. पहिल्याच घोटाला तोंड खारट झालं. "रोज हेच पिता?" मी विचारलं. "हाव. मिटिंगच्या दिवशी तुमच्यासाठी डोंगराकडच्या गावातून गोडं पानी आनतो. पाव्हन्याले खारं कसं द्यायचं?" "मग बैठकीत सांगितलं का नाही?" पदरानं कपाळ पुसत त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी मशीन पायजे का, थेच इचारलं नं भाऊ." मी गडू रिकामा केला आणि सह्या न घेताच परतलो. पुढे ती संस्था सुटली, कामं बदलली. त्या बैठकांमधला एक तक्ता मात्र अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर 'पाणी' या शब्दापुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलंय, अडचण नाही.