काटकोन सरांचे दात

कवायतीचे सर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांचं टोपणनाव काही निवृत्त झालं नाही. गाव त्यांना अजून काटकोन सरच म्हणे. भिंतीवरची तसबीर जराशी कलली, तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना सरळ केलं, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. ती पहिलीत डाव्या हातानं लिहायची, म्हणून तो हात रुमालानं खुर्चीला बांधून ठेवला. दोन महिने! पोर रडून रडून अर्धी झाली, आणि रुमाल सुटताच पुन्हा डाव्या हातानं लिहायला लागली.

आता गंमत बघा. जगाला रांगेत उभं करणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे पुढचे दात मात्र एकमेकांच्या अंगावर चढलेले. एकसष्ट वर्षांत ते त्यांना कधी दिसले नाहीत.

मुलगी नेमकी दात सरळ करणारी डॉक्टर झाली. दवाखाना थाटला, तर तिथं माशीही फिरकेना.

"बाबा, तुम्हाला सगळं गाव ओळखतं. तुमचे आधीचे दात आणि नंतरचे दात, असे दोन फोटो भिंतीवर लागले की लोक येतील. वर्षभरात कुणी आलं नाही, तर मला कुलूप लावावं लागेल."

सर खुर्चीत बसले. तिनं एकेका दातावर इवलंसं बटण चिकटवलं आणि त्यांतून एक बारीक तार ओवली.

"एवढीशी तार?" सरांना हा अपमान वाटला.

"तिला तिचा मूळचा आकार आठवतो, बाबा. मी ती वाकवून दातांना बांधलीय. ती हळूहळू आपल्या आकारात परत जाईल आणि जाताना दातांना सोबत नेईल. दात सरकतो तिकडचं हाड विरघळतं, मागं नवं भरतं. त्याला वेळ लागतो."

"आणि जोर वाढवला तर?"

"तर तिथलं रक्त अडतं, हाड विरघळत नाही, दात उलट अडून बसतो. मुळाला इजा होते ती वेगळीच."

सरांनी मान डोलावली. याचा अर्थ त्यांनी ऐकलं नव्हतं.

तीन महिने ते रोज सकाळी आरशासमोर पट्टी घेऊन दात मोजत राहिले. मग एके दिवशी त्यांनी हत्यारांच्या पेटीतली पक्कड काढली आणि तारेला चांगला पीळ दिला. ब्रह्मांड आठवलं! दोन दिवस तोंडावर हात धरून काढले, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दवाखाना गाठला. दोन बटणं निखळलेली, हिरडी सुजलेली, एक दात हलतोय.

मुलगी रागावली नाही. भिंतीवर आधीचा फोटो होता आणि शेजारी रिकामा खिळा. त्या खिळ्याकडे ती जरा वेळ बघत राहिली.

"आता सगळ्यात बारीक तारेपासून पुन्हा सुरुवात. वर्षात काही होत नाही हे," ती म्हणाली आणि त्यांच्या गालांत कापूस भरला. "आता अजिबात बोलायचं नाही."

तिनं नवी तार उचलली. डाव्या हातानं. तो हात किती हलका आहे, हे सरांनी इतक्या जवळून प्रथमच पाहिलं.

"दुखतंय का बाबा?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. सवयीनं त्यांनी नकाराची मान हलवली, मग होकाराची. डोळे भरून आले. त्यांनाही तिला तेच विचारायचं होतं, त्या दोन महिन्यांबद्दल. पण तोंडात कापूस होता.