सासूवरचं गाणं

आमच्या अमडापुरात बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणारी ती बाई गायला लागली, की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. दुपारी गल्लीतल्या बाळंतिणींना आमच्या ओसरीवर बसवून ती प्रत्येकीकडून सासूवर गाणं म्हणवून घ्यायची. मी तेवढी नुसती रडत बसायचे.

एकदा माझ्या सासूबाई दाराआड सापडल्या.

“चोरून काऊन आयकून राह्यल्या, बुढाबाई? तुमालेबी सासू होतीच ना? म्हना तिच्यावर!” बाईने त्यांना ओढून बसवलं आणि माझं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

सासूबाई आधी लाजल्या. मग गाता गाता त्यांनी आपल्या मेलेल्या सासूचा असा उद्धार केला, की मी टाके दुखेपर्यंत हसले. शेवटच्या ओळीला मात्र त्यांना हुंदका आवरेना.

बाईने तेलाचे हात पुसले.

“सरका वं पोरीहो, एक बाळंतीन वाढली.”